आठवण खरी, पण कधीची आणि कुणाची?

१९५० साली आल्फ्रेड हिचकॉकचा 'स्टेज फ्राइट' प्रदर्शित झाला. सुरुवातीलाच एक तरुण आपल्या मैत्रिणीला एका खुनाची हकिगत सांगतो आणि ती हकिगत आपल्याला पडद्यावर घडताना दिसते. चित्रपट संपत आल्यावर कळतं, की पठ्ठ्या थापा मारत होता. अनेकांना हे रुचलं नाही. पात्र खोटं बोलेल हे प्रेक्षकाला चालत होतं. कॅमेऱ्याने त्या खोट्याला साथ द्यावी हे चाललं नाही. पुढे फ्रान्स्वा त्रुफोशी झालेल्या प्रदीर्घ मुलाखतीत हिचकॉकनेही तो फ्लॅशबॅक करायला नको होता, असं सांगून टाकलं. त्याच वर्षी जपानमध्ये अकिरा कुरोसावाचा 'राशोमोन' आला. एका घटनेच्या चार हकिगती, चारही पडद्यावर घडणाऱ्या आणि चारही एकमेकींशी न जुळणाऱ्या. पण इथे साक्षी चालू आहेत, हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक होतं. त्यामुळे फसवणुकीची तक्रार कुणी केली नाही.

फ्लॅशबॅक पाहताना आपण एक करार मनोमन मान्य केलेला असतो, तो या दोन चित्रपटांमुळे उघडा पडतो. जुन्या हिंदी-मराठी चित्रपटात नायिका खिडकीबाहेर टक लावून पाहू लागली, पडदा थरथरला आणि मागे जलतरंग वाजला, की पिटातल्या लहान पोरालाही कळायचं : आता मागचं दाखवणार. म्हणजे जे दिसेल ते खरोखर घडलेलं असेल, आत्ताच्या आधी घडलेलं असेल, आणि जिच्या चेहऱ्यावरून कॅमेरा मागे गेला तिच्याच आयुष्यात घडलेलं असेल. कराराची कलमं इतकीच.

विज्ञानकथेने ही कलमं एकेक करून मोडली. मोडताना तिला हिचकॉकसारखा थापाड्या तरुण लागला नाही. यंत्र, औषध, परकी भाषा, परक्या ग्रहावरचा समुद्र, काहीही पुरलं. इतर कथांमध्ये फ्लॅशबॅक हे लेखकाच्या हातातलं साधन असतं. पात्रांना त्याचा पत्ताही नसतो. विज्ञानकथेत तो कथेतल्या जगात येऊन बसतो. तिथे आठवण तयार करता येते, विकता येते, पुसता येते, न्यायालयात पुरावा म्हणून लावता येते. साधनाची वस्तू झाली, की कथा कशी बदलते, हे या प्रकरणात पाहायचं आहे. शेवट सांगितल्याशिवाय हे समजावता येणार नाही, तेव्हा रहस्यभेदाबद्दल रागावू नका.

सुरुवात छापील शब्दापासून करू. एच. जी. वेल्सची 'द टाइम मशीन' १८९५ची. तिचा सांगाडा अगदी घरगुती आहे. रिचमंडमधल्या एका घरी जेवायला पाहुणे जमलेत, यजमानाचा पत्ता नाही. थोड्या वेळाने तो धुळीने माखलेला, लंगडत येतो, आधी पोटभर मटण खातो आणि मग बोलायला लागतो. इसवी सन ८०२७०१ मध्ये काय पाहिलं, हे तो 'मी गेलो, मी पाहिलं' अशा साध्या भूतकाळात सांगतो. आठ लाख वर्षांनंतर घडणारी गोष्ट, आणि सांगणाऱ्यासाठी ती गेल्या आठवड्याची आठवण! वेल्सच्या आधी, १८८८ मध्ये, एडवर्ड बेलामीने 'लुकिंग बॅकवर्ड' लिहिली होती. तिचा नायक १८८७ मध्ये झोपतो आणि २००० साली बॉस्टनमध्ये जागा होतो. पण बेलामीला समाजसुधारणा सांगायची होती, काळाचा गुंता त्याला नको होता. गुंत्याची मजा वेल्सला कळली होती.

वेल्सला आणखी एक गोष्ट कळली होती. अशा आठवणीवर कुणी विश्वास ठेवणार नाही. म्हणून तो प्रवाशाच्या खिशात दोन पांढरी फुलं ठेवतो, भविष्यातल्या वीना नावाच्या मुलीने दिलेली. पाहुण्यांपैकी डॉक्टर ती फुलं हातात घेऊन निरखतो आणि त्याला त्यांचं कूळ ओळखता येत नाही. सामान्य कादंबरीतल्या माणसाला आपल्या आठवणींचा पुरावा द्यावा लागत नाही, विज्ञानकथेतल्या माणसाला द्यावा लागतो. जयंत नारळीकरांची पानिपतवरची कथा अनेकांनी वाचली असेल. 'द ॲडव्हेंचर' या नावाने ती एनसीईआरटीच्या अकरावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकातही होती. तिच्यातले इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अशा एका जगात जाऊन येतात, जिथे पानिपतात मराठे जिंकलेले असतात. परत आल्यावर ही सगळी हकिगत ते आपल्या शास्त्रज्ञ मित्राला सांगतात. मित्राला तो भ्रम वाटणार, एवढ्यात पंत खिशातून बखरीचं एक फाटकं पान काढतात. आपल्या बखरीत विश्वासरावांना गोळी लागते. त्या पानावर ती कानाजवळून निघून जाते. वेल्सची फुलं आणि नारळीकरांचं पान एकाच जातीची. ऑक्टेव्हिया बटलरने १९७९ मध्ये या पुराव्याची किंमत फार वाढवली. तिच्या 'किंड्रेड'ची नायिका डेना १९७६च्या लॉस एंजेलिसमधून गुलामगिरीच्या काळातल्या मेरीलँडमध्ये पुन्हा पुन्हा खेचली जाते. कादंबरी उघडते तेव्हा सगळं घडून गेलेलं असतं आणि डेनाचा एक हात गेलेला असतो. तो कुठे गेला, हे सांगायला अख्खी कादंबरी. बटलर स्वतः तिला विज्ञानकथा म्हणत नसे, कारण त्या प्रवासामागे कुठलंही यंत्र नाही. ते ठीकच, पण इतिहास खिशात फूल टाकून माणसाला परत पाठवत नाही, हे तिच्याइतकं स्पष्ट कुणी दाखवलं नाही.

घडून गेलेलं सांगण्यात एक दिलासाही असतो : सांगणारा जिवंत आहे. वेल्सच्याच 'वॉर ऑफ द वर्ल्ड्स'मध्ये (१८९८) मंगळवासीयांच्या स्वारीची हकिगत त्यातून वाचलेला माणूस काही वर्षांनी सांगतो, त्यामुळे पहिल्या पानापासून माणूसजात टिकली हे वाचकाला माहीत असतं. ३० ऑक्टोबर १९३८ रोजी ऑर्सन वेल्सच्या मंडळींनी अमेरिकन रेडिओवर या कादंबरीचं नाट्यरूपांतर केलं, तेव्हा त्यांनी नेमका हा दिलासा काढून घेतला. नृत्यसंगीताचा कार्यक्रम मध्येच तोडून बातम्या येऊ लागल्या. बातमीला मागचंपुढचं नसतं, 'आत्ता' एवढंच असतं. सांगणारा बातमीदार बोलता बोलता गप्प होतो. त्या रात्री किती लोक खरोखर घाबरले, याचे आकडे वर्तमानपत्रांनी बरेच फुगवले होते, पण युक्ती अव्वल होती. मध्यंतरानंतर मात्र नाटकातला प्रोफेसर पिअरसन एकटाच टिपणं लिहीत बसलेला ऐकू येतो, कथा आठवणीच्या सुरात शिरते आणि ताण ओसरतो. एकाच कार्यक्रमाचे दोन भाग लागोपाठ ऐकले, तर फ्लॅशबॅक काय देतो आणि काय हिरावतो, ते कानाला कळतं.

सिनेमाकडे येताना मी 'ला जेते'पासून सुरुवात करीन. क्रिस मार्करचा हा फ्रेंच लघुपट १९६२चा, अवघ्या २८ मिनिटांचा. तो जवळजवळ पूर्णपणे स्थिर छायाचित्रांचा आहे. एकामागून एक फोटो, वर निवेदकाचा आवाज. तिसरं महायुद्ध होऊन गेलंय, पॅरिस बेचिराख आहे, लोक भुयारात राहतायत. मदत मिळवायला काळातून माणूस पाठवायचा, तर दुसऱ्या काळात जागं होण्याच्या धक्क्याने माणसं वेडी होतात किंवा मरतात. म्हणून एक कैदी निवडला जातो, ज्याच्या मनात लहानपणाचं एक दृश्य घट्ट रुतून बसलंय : ओर्ली विमानतळाचा धक्का, एका स्त्रीचा चेहरा आणि कोसळणारा एक माणूस. आठवण इतकी पक्की, की तिला धरून तो मागे जाऊ शकतो. म्हणजे इथे आठवण हेच वाहन. शेवटी तो त्या धक्क्यावर पोचतो, स्त्रीकडे धावतो आणि त्याला उमगतं, की लहानपणी ज्याला मरताना पाहिलं तो माणूस आपणच. पहिल्या मिनिटाला दाखवलेली आठवण खरी होती, त्याचीच होती, भूतकाळातलीही होती आणि तरीही ती त्याचं भविष्य होती. स्थिर छायाचित्रं हा पैसे वाचवण्याचा उपाय असेल किंवा नसेल, पण फोटोंचा अल्बम पाहताना क्रम आपण लावतो, ही गोष्ट इथे नेमकी उपयोगी पडते. संपूर्ण लघुपटात एकच क्षण हलतो : झोपेतून उठणारी ती स्त्री पापण्या उघडते. पुढे टेरी गिलियमने यावरून 'ट्वेल्व्ह मंकीज' (१९९५) केला. तो चांगलाच आहे, पण मोठा आणि गडबडीचा.

आता या विषयातलं सर्वांत मोठं उदाहरण. टेड चियांगची 'स्टोरी ऑफ युअर लाइफ' ही दीर्घकथा १९९८ साली आली आणि तिला नेब्युला पुरस्कार मिळाला. डेनी व्हिलन्यूवने २०१६ मध्ये तिच्यावरून 'अरायव्हल' काढला. दोन्हींची नायिका लुईस बँक्स ही भाषाशास्त्रज्ञ आहे. सात पायांचे परग्रहवासी पृथ्वीवर आलेत आणि त्यांची भाषा शिकण्याचं काम तिच्याकडे आहे. त्यांची लेखी भाषा आपल्यासारखी एकामागून एक अक्षर अशी चालत नाही. अख्खं वाक्य म्हणजे एकच गुंतागुंतीची आकृती. पहिली रेघ ओढतानाच शेवट काय आहे ते लिहिणाऱ्याला ठाऊक असावं लागतं.

चियांग याला जोड देतो ती भौतिकशास्त्रातल्या फर्माच्या तत्त्वाची. प्रकाशकिरण हवेतून पाण्यात शिरताना वाकतो. आपण म्हणतो, पाण्यात त्याचा वेग कमी होतो म्हणून तो वाकला. आधी कारण, मग परिणाम. फर्माच्या पद्धतीने तेच असंही सांगता येतं, की सुरुवात आणि शेवट हे दोन बिंदू दिले, तर किरण कमीत कमी वेळ लागणारा मार्ग घेतो. गणित दोन्हीकडून बरोबर येतं. पण दुसऱ्या मांडणीत किरणाला निघण्याआधीच कुठे पोचायचं हे ठाऊक असल्यासारखं दिसतं. परग्रहवासी जगाकडे या दुसऱ्या पद्धतीने पाहतात आणि त्यांची भाषा शिकता शिकता लुईसही तसं पाहू लागते. तिला पुढचं आठवायला लागतं.

ही गोष्ट छापील पानावर कशी आणायची? चियांगने क्रियापदाचा उपयोग केला. लुईस आपल्या मुलीला उद्देशून बोलते आणि मुलीच्या आयुष्यातले प्रसंग आठवणीच्या सुरात, पण भविष्यकाळात सांगते. 'मला आठवतंय, पुढच्या वर्षी तू पोहायला शिकशील,' अशा घडणीचं बोलणं. (वाक्य माझं आहे, घडण त्याची.) असं वाक्य वाचताना पहिल्यांदा छापण्यात चूक झाली असं वाटतं, चौथ्यांदा अंगावर काटा येतो. कथेत लपवाछपवी नाही. काळ क्रियापदात उघडा लिहिलेला आहे, वाचकाने त्याच्यावर विश्वास ठेवायचा एवढंच.

पडद्यावरच्या चित्राला मात्र क्रियापद नसतं. मूल रडतंय असं दृश्य असेल, तर ते रडलं, रडतंय की रडेल, हे चित्र सांगत नाही. आजूबाजूची दृश्यं सांगतात. व्हिलन्यूव आणि संकलक जो वॉकर यांनी नेमका याचा फायदा घेतला. 'अरायव्हल' सुरू होतो तो मुलीच्या जन्माने. तिचं बालपण, आजारपण, इस्पितळातला मृत्यू असं सगळं काही मिनिटांत दिसतं. त्यानंतर लुईस एकटी, उदास, विद्यापीठात शिकवायला जाते आणि यानं उतरल्याची बातमी येते. आपण न सांगता गृहीत धरतो : मूल गमावलेली आई. तिला मग अधूनमधून मुलीची दृश्यं दिसतात आणि आपल्याला वाटतं, बिचारीला आठवण येतेय. खरं तर लग्नच अजून व्हायचंय.

हिचकॉकच्या प्रेक्षकासारखे आपण इथे चिडत का नाही? कारण चित्रपट कुठेच खोटं बोललेला नसतो. जे दाखवलं ते घडणार आहे, तिच्याच बाबतीत घडणार आहे. आधी-नंतर एवढंच आपण चुकीचं लावलं, आणि तेही सवयीने. पटकथेतली कळीची जागा अगदी छोटी आहे. एका दृश्यात मुलगी आईला एका संकल्पनेसाठी शब्द विचारते : ज्यात दोन्ही बाजूंचा फायदा होतो, त्याला काय म्हणतात? आईला तो आठवत नाही. मग चित्रपटाच्या वर्तमानात, लष्करी तंबूत, तिचा सहकारी बोलता बोलता तो शब्द वापरतो आणि लगेच आपण परत मुलीपाशी जातो. आई उत्तर देते. आज ऐकलेला शब्द भूतकाळात कसा उपयोगी पडेल? ज्या प्रेक्षकाला हा प्रश्न तिथल्या तिथे पडतो, त्याला पुढचा चित्रपट वेगळाच दिसतो.

एका बदलाबद्दल माझी तक्रार आहे. कथेतली मुलगी पंचविशीत गिर्यारोहणाच्या अपघातात जाते. चित्रपटात ती लहान वयातच असाध्य आजाराने जाते. अपघात टाळता येतो. मुलीला त्या दिवशी डोंगरावर जाऊ दिलं नाही, तर? हा प्रश्न चियांग वाचकाच्या गळ्यात बांधून ठेवतो. कथेतली खरी वेदना तीच आहे. आजार निवडून चित्रपटाने तो प्रश्न बराच सौम्य केला. मोठ्या पडद्यासाठी ते सोयीचं असेल, धाडसाचं नाही.

पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, व्हिलन्यूवने 'ब्लेड रनर २०४९' केला आणि कराराचं तिसरं कलम घेतलं : आठवण कुणाची? मूळ 'ब्लेड रनर' (१९८२) रिडली स्कॉटचा. त्यातल्या रेचलला आपण माणूस आहोत असं वाटत असतं. नायक डेकर्ड तिला तिच्या लहानपणाची, खिडकीबाहेरच्या कोळ्याची आठवण सांगतो, जी तिने कधीच कुणाला सांगितलेली नसते. ती टायरेल नावाच्या उद्योगपतीच्या पुतणीची, रेचलच्या डोक्यात भरलेली. स्कॉट इथे फ्लॅशबॅक दाखवत नाही, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. कोळी पडद्यावर दिसला असता, तर तो आपल्याला खरा वाटला असता. दोन माणसं खोलीत बोलतायत आणि एकीचं बालपण तिच्या डोळ्यांदेखत नाहीसं होतंय, एवढंच आपण पाहतो. 'ब्लेड रनर २०४९'मध्ये उलट केलंय. के नावाच्या कृत्रिम माणसाला लाकडी घोडा लपवल्याची आठवण आहे. ती दाखवली जाते, तपासात घोडाही सापडतो, आठवण खरी असल्याचं सिद्ध होतं. तो मानू लागतो, की आपण जन्माला आलेलो आहोत, बनवलेले नाही. आठवण खरीच असते, पण दुसऱ्याची. वेल्सच्या प्रवाशाला पुराव्याने तारलं होतं, या बिचाऱ्याला पुराव्यानेच फसवलं.

या सगळ्यांहून वेगळी वाट स्टानिस्लाव लेमने १९६१ मध्येच 'सोलारिस' या पोलिश कादंबरीत काढली होती. ग्रहावर एक समुद्र आहे, बहुधा विचार करणारा. तो अंतराळस्थानकातल्या माणसांच्या मनातून आठवणी उचलतो आणि त्यांची हाडामांसाची माणसं करून पाठवतो. त्यांच्यातला केल्विन झोपेतून उठतो तेव्हा पूर्वी आत्महत्या केलेली त्याची बायको समोर बसलेली असते. आता फ्लॅशबॅकसाठी दृश्य तोडून मागे जायची गरजच उरली नाही. मागचंच इकडे चालत आलं. आणि त्या आठवणीच्या त्रुटीही शरीराला चिकटून आल्या. तिच्या पोशाखाला उघडायची सोयच नाही, तो कात्रीने कापावा लागतो. केल्विनच्या आठवणीत तो पोशाख होता, त्याची शिवण नव्हती. तार्कोव्हस्कीच्या १९७२च्या चित्रपटातही हा प्रसंग आहे. लेमला तो चित्रपट पसंत नव्हता, पण कात्रीचं दृश्य पाहून तरी त्याने तक्रार करू नये. २००२ साली स्टीव्हन सोडरबर्गने त्याच कथेत पृथ्वीवरच्या प्रेमाचे नेहमीसारखे फ्लॅशबॅक घातले. बाई समोर उभी असताना तिच्या आठवणी वेगळ्या कशाला दाखवायच्या, हे मला कळलेलं नाही.

चित्रकथेला काळ हाताळायला कुठलंच यंत्र लागत नाही, कारण तिथे काळ म्हणजे कागदावरची जागा. पान उलटलं, की वाचकाची नजर सगळ्या चौकटींवर एकदमच पडते. आधीची आणि नंतरची चौकट शेजारीशेजारी असतात. ॲलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांच्या 'वॉचमेन' (१९८६-८७) या बारा अंकी मालिकेचा चौथा अंक यावरच उभा आहे. १९५९ साली प्रयोगशाळेतल्या अपघातात जॉन ऑस्टरमन या भौतिकशास्त्रज्ञाचं शरीर विखुरतं आणि त्याचा डॉ. मॅनहॅटन होतो. त्याला सगळे काळ एकाच वेळी दिसतात. अंकात तो मंगळावर एक जुना फोटो हातात घेऊन बसलाय. थोड्या सेकंदांनी तो फोटो हातातून पडणार आहे, पडलाही आहे, आणि अजून जत्रेत काढला जातोय. प्रत्येक चौकटीतलं निवेदन वर्तमानकाळात. त्याच्यासाठी फ्लॅशबॅक असं काही नाहीच, वाचकासाठीही हळूहळू उरत नाही. झॅक स्नायडरने २००९च्या चित्रपटात हे प्रकरण फिलिप ग्लासच्या संगीतावर, निवेदनासह घेतलं. सुंदर झालंय. पण पडद्यावर एका वेळी एकच चित्र असतं, त्यामुळे देवाची नजर जाऊन उदास माणसाच्या आठवणी उरल्या. दिग्दर्शकाचा यात दोष नाही, माध्यमाचीच ती मर्यादा.

मालिकांचं गणित वेगळं. तिथे फ्लॅशबॅक पुष्कळदा गरजेपोटी येतो. 'लॉस्ट' (२००४ ते २०१०) विमान पडल्यावर माणसं अडकलेल्या एका बेटावर घडते. दर आठवड्याला तेच बेट दाखवलं तर प्रेक्षक कंटाळणार. म्हणून दर भागात एका पात्राचा विमान पडण्याआधीचा भूतकाळ. पहिल्या वर्षी हे झकास चाललं. तिसऱ्या वर्षापर्यंत नायक जॅकच्या अंगावर गोंदण कुठून आलं, यावर अख्खा भाग करायची पाळी आली. खुद्द निर्माते डेमन लिंडेलॉफ पुढे तो भाग घसरणीचा दाखला म्हणून सांगत. आणि मग मे २००७ मध्ये त्या वर्षाच्या शेवटच्या भागात त्यांनी तीन वर्षांची सवयच कामाला लावली. दाढी वाढलेला, दारू पिणारा जॅक दिसतो. प्रेक्षक म्हणतो, हाही मागचाच काळ. शेवटी विमानतळाजवळ त्याला केट भेटते, जिची ओळखच मुळी बेटावर झालेली. म्हणजे हे सुटकेनंतरचं! 'अरायव्हल'ने काही मिनिटांत बांधलेली सवय 'लॉस्ट'ने तीन वर्षं बांधली होती. मालिकेच्या लांबीचा असा उपयोग क्वचित होतो.

'वेस्टवर्ल्ड'च्या पहिल्या पर्वाने (२०१६) आणखी एक आधार काढून घेतला. पडद्यावर काळ ओळखायला आपण पात्रांचं वय पाहतो. पण नायिका डोलोरेस यंत्रमानव आहे, ती म्हातारी होत नाही. शिवाय तिची स्मृती यंत्राची, म्हणजे तंतोतंत. आपल्यासारखी धूसर होत नाही. तिला आठवणारं आणि तिला घडणारं यांत तिलाच फरक कळत नाही. प्रेक्षकही तिच्याबरोबर तीस वर्षांचं अंतर न ओळखता चालत राहतो आणि तरुण विल्यम व काळे कपडे घालणारा क्रूर म्हातारा हे एकच आहेत, हे कळायला पर्व संपत यावं लागतं. 'ब्लॅक मिरर'मधल्या 'द एन्टायर हिस्टरी ऑफ यू' (२०११) या भागात तर फ्लॅशबॅक नवरा-बायकोच्या भांडणात उतरतो. कानामागे बसवलेलं बीज सगळं पाहिलेलं साठवतं आणि टीव्हीवर पुन्हा दाखवतं. नवरा ते दाखव म्हणतो, बायकोला नकार देता येत नाही. आठवण खरी असेल तर ती बरी असेल, ही आपली समजूत तासाभरात मोडते.

खेळांमध्ये एक अडचण सुरुवातीलाच येते. भूतकाळ ठरलेला असतो आणि खेळणाऱ्याला मात्र मोकळीक हवी असते. 'असॅसिन्स क्रीड'ने (२००७) यावर चलाख तोड काढली. आजच्या काळातल्या डेझमंडला ॲनिमस नावाच्या यंत्रात झोपवतात आणि त्याच्या रक्तातल्या पूर्वजाची स्मृती, ११९१ सालच्या धर्मयुद्धातली, तो जगतो. खेळताना तुम्ही निरपराध माणसं मारलीत, तर यंत्र बजावतं, की पूर्वजाने असं केलं नव्हतं. फारच भरकटलात किंवा मेलात, तर स्मृतीशी जुळणी तुटते आणि मागून सुरू करावं लागतं. प्रत्येक खेळात मरून पुन्हा सुरू करणं असतंच. इथे त्याला कथेतलं कारण मिळालं. 'सिस्टिम शॉक'च्या (१९९४) कर्त्यांनी याहून सोपी वाट धरली. त्यांना पात्रांशी संवाद घडवण्याची तेव्हाची पद्धत कृत्रिम वाटत होती, म्हणून त्यांनी अंतराळस्थानकातली सगळी माणसं आधीच मारून टाकली आणि त्यांच्या नोंदी जागोजाग ठेवल्या. खेळणारा त्या वेचत जातो. कुणाला शेवटची नोंद आधी सापडते, कुणाला पहिली. भूतकाळाचा क्रम लावायचं काम लेखकाकडून खेळणाऱ्याकडे गेलं, ते तेव्हापासून अनेक खेळांत तसंच आहे. 'आउटर वाइल्ड्स'मध्ये (२०१९) दर २२ मिनिटांनी सूर्याचा स्फोट होऊन सगळं मुळापासून सुरू होतं. खेळणाऱ्याला जे कळलं, तेवढंच टिकतं.

एवढं पाहिल्यावर एक परीक्षा सुचवतो. विज्ञानकथेतला फ्लॅशबॅक मनातल्या मनात काढून टाका. कथेतलं विज्ञान जागेवर राहिलं आणि फक्त पात्राची माहिती कमी झाली, तर तो भरताड होता. 'लॉस्ट'मधले निम्मे या परीक्षेत नापास होतील, सोडरबर्गचेही. 'अरायव्हल'मधले काढले, तर चित्रपटच उरत नाही.

चियांगची कथा चित्रपटाआधी वाचा, निदान आता तरी, कारण चित्रपटातलं रहस्य मी इथे फोडून टाकलंय आणि कथेला रहस्याची गरजच नाही. वाचताना मुलीबद्दलच्या वाक्यांतली क्रियापदं तेवढी पाहत जा. आणि संध्याकाळी अर्धा तास मोकळा असेल, तर 'ला जेते' पाहा.